शप्पथ मोडली, मैत्रीण वाचली, आता ती विचारतेय "तुला अधिकार काय होता?"

ऐरोलीची_वैतागलेली

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक आहे, आधीच सॉरी. आत्महत्येच्या विचारांबद्दल आहे, ज्यांना त्रास होईल त्यांनी पुढे वाचू नका.

मी आणि माझी रूममेट ('क' म्हणते तिला) दोन वर्षं ऐरोलीत वन बीएचकेत भाड्याने राहत होतो. ती इस्लामपूरकडची, मी चिपळूणची. स्वभावाने ती एकदम गोतावळ्यातली, आमच्या मजल्यावरच्या चारही घरांशी हिचं डब्यांचं येणंजाणं. कोणाकडून आळूवडी आली की तो डबा परत जाताना त्यात काहीतरी असणारच, काहीच नसलं तर चार शेंगदाणे नाहीतर चिमूटभर साखर तरी, "रिकामा डबा देऊ नये गं" हे तिचं ठरलेलं.

गेल्या पावसाळ्यापासून ती मिटत गेली. कारणं होती, पण ती इथे लिहीत नाही, ती तिची आहेत. एका गुरुवारी मी ऑफिसातून आले तर शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठलं, जरा फुगूनच, "अगं आज तुझ्या मैत्रिणीने डबा नुसता घासून पुसून दिला, साखरसुद्धा नाही." मी हसले. घरात आल्यावर कळलं की चारही घरांचे डबे त्याच दुपारी परत गेलेत. सगळे रिकामे. फळीवर जिथे परक्यांचे डबे असायचे तिथे नुसता पेपर अंथरलेला. आणि मला एकदम पोटात गोळा आला, का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

रात्री सरळ विचारलं. "जीव द्यायचा विचार करतेयस का?" ती म्हणाली हो. रडलीबिडली नाही, लाइट बिल भरलंयस का ला हो म्हणावं तसं हो. मग माझा हात स्वतःच्या गळ्याशी धरून म्हणाली, "माझ्या गळ्याची शप्पथ, कोणाला सांगायचं नाही." मी घेतली शप्पथ. काय करणार होते?

ती झोपल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून तिच्या दादाला फोन केला. तो रात्रभर गाडी चालवत सकाळी पोचला. इथपर्यंत ठीक. पण मी घाबरून घरमालकांनाही सांगितलं, मी एकटी आहे, काही झालं तर, म्हणून. त्यांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं!! फ्लॅट नंबरसकट. दुपारपर्यंत वॉचमनला माहीत. त्याच महिन्यात खोली सोडायला सांगितली. दादा आला तो "ही नाटकं बंद कर" म्हणतच आला, तिचा फोन काढून घेतला, घेऊन गेला. डॉक्टरकडे नेलं पण आठ-दहा दिवसांनी, आता औषधं चालू आहेत.

तीन महिन्यांनी तिचा मेसेज: "मी वेडी नव्हते. विचार करून ठरवलं होतं. तुला काय अधिकार होता?" त्यानंतर काही नाही, दोन निळ्या टिका आणि शांतता.

कृपया "जीव वाचला ना, झालं तर मग" म्हणू नका. ते मला माहितीये. मला खरंच विचारायचंय, अधिकार होता का?

---

वागळे_इस्टेटवाला

जीव वाचला ना झालं तर मग 🙏 (शेवटची ओळ नंतर वाचली, सॉरी.) पण खरंच, ती आज मेसेज करून भांडू शकतेय ते तुझ्यामुळेच. आणि गळ्याची शप्पथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो जातो म्हणतात, इथे तर पाळली असती तर गेली असती. असली शप्पथ मोडायचीच असते.

---

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

मी जरा उलट बाजूने बोलतो, शिव्या घालायच्या तर घाला, असाही रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये लोकांच्या शिव्या ऐकतो.

मैत्रिणीचा प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. मोठं माणूस, कमावतं, स्वतःच्या शरीराचं ऑपरेशन करू द्यायचं की नाही हे स्वतः ठरवतं, मग जगायचं की नाही हेच दुसऱ्याने का ठरवायचं? 1986 साली मुंबई हायकोर्टाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं 309 कलम घटनेविरुद्ध ठरवलं होतं, तेही मुंबई पोलिसातल्या एका मानसिक आजारी हवालदाराच्या केसमध्ये. 1994 ला सुप्रीम कोर्ट तेच म्हणालं. 1996 ला ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं, म्हणाले जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. म्हणजे मोठमोठ्या न्यायाधीशांचंही दहा वर्षांत एकमत नव्हतं आणि आपण बाथरूममध्ये नळ सोडून पाच मिनिटांत ठरवतो.

आणि आपण महाराष्ट्रातले लोक तर या बाबतीत फारच दुटप्पी. सावरकरांनी 1966 ला अन्नपाणी सोडलं, विनोबांनी 1982 ला पवनारला सोडलं, त्याबद्दल आपण आदराने बोलतो. मग एखाद्या साध्या पोरीने "मला पुरे झालं" म्हटलं की लगेच ती वेडी?

तू वाईट केलंस असं म्हणत नाहीये. फक्त "अधिकार होता" हे इतक्या सहज म्हणता येत नाही एवढंच.

---

सिस्टर_निवृत्त_ठाणे

बाळा, आधी तुला सांगते, तू सरळ शब्दांत विचारलंस हे फार बरं केलंस. लोकांना वाटतं विचारलं की डोक्यात नसलेलं भरतं. तसं होत नाही. उलट विचारल्यावर माणूस सुटल्यासारखा होतो, इतके दिवस एकट्याने दाबून धरलेलं असतं ना.

मी ठाण्याच्या मनोरुग्णालयात बरीच वर्षं काढली. 1901 चं आहे ते, आणि तेव्हापासूनच बहुतेक लोक एकमेकांना "तुला ठाण्याला भरती करायला हवं" म्हणून चिडवत असतील. माझ्या स्वतःच्या सासरी, मी तिथे नोकरी करत असताना, जेवायच्या टेबलावर हा विनोद व्हायचा. तुझी मैत्रीण "मी वेडी नव्हते" असं का म्हणते ते मला त्यामुळे बरोब्बर कळतं. तिला वाटतं तुम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर तो शिक्का मारला.

आता कायद्याचं, कारण घोडबंदरभाऊंनी अर्धंच सांगितलं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा, कलम 115, त्यात म्हटलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन सरकारने द्यायचं. आणि 1 जुलै 2024 पासून नवीन न्याय संहिता आली त्यात 309 सारखं सरसकट कलमच नाही. फक्त सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी कोणी तसं केलं तर 226 आहे. तेव्हा पोलीस केस होईल या भीतीने कोणी गप्प बसू नका, दवाखान्यात खोटं सांगू नका. आमच्याकडे नातेवाईक वाट्टेल ते सांगायचे, "चुकून झालं हो सिस्टर", आणि डॉक्टरला खरं कळेपर्यंत वेळ जायचा.

त्याच कायद्यात दुसरी बाजू पण आहे. मर्जीविरुद्ध भरती करायची तर कलम 89, दोन जणांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त 30 दिवस. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. आजारी माणसाची माहिती गुप्त ठेवायचीच, अपवाद मोजके, त्यातला एक म्हणजे कोणाला इजा होण्यापासून वाचवायचं असेल तर, आणि तेव्हाही गरजेपुरतीच सांगायची. हे डॉक्टर-दवाखान्यांना लागू, तुला नाही, तू मैत्रीण आहेस. पण त्यातलं "गरजेपुरतीच" लक्षात घे. दादाला सांगितलंस ते गरजेपुरतं होतं. घरमालकाला सांगितलंस ते नव्हतं.

आणि शेवटी नंबर देते, सगळ्यांनीच सेव्ह करून ठेवा, टेली-मानस 14416. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसाची काळजी वाटतेय म्हणूनसुद्धा फोन करता येतो. अगदी त्या क्षणी धोका असेल तर 112.

---

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

सिस्टर, कायदा मान्य. पण कायदा "धरून चालतो" की माणूस ताणाखाली आहे. धरून चालणं म्हणजे खरं असणं नव्हे. तिने विचार करून ठरवलं असेल तर?

---

सिस्टर_निवृत्त_ठाणे

असेल ना. पण ते रात्री साडेबाराला स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून कसं कळणार हो? तिला विचारायला, ऐकायला वेळ लागणार. तो वेळ मिळवायला आधी तिला सकाळपर्यंत पोचवावं लागतं. पोरीने तेवढंच केलं.

---

तलावपाळीचा_चहा

मी सहसा फक्त वाचतो इथे. आज लिहितोय कारण मी या गोष्टीत 'क' च्या जागी होतो. सहा वर्षं झाली. ठाण्यातच.

घोडबंदर भाऊ, "विचार करून ठरवलं होतं" हे मीही म्हणायचो. माझ्याकडे तर पुरावा होता, अख्खी वही भरली होती मी, दोनशे पानी. महिनाभर लिहीत होतो, मुद्देसूद, मला वाटायचं मी फार शांतपणे सगळ्या बाजू बघतोय. बरा झाल्यावर ती वही वाचली. एकच वाक्य आहे तिच्यात, चाळीस-पन्नास प्रकारे फिरवून फिरवून लिहिलेलं, की मी सगळ्यांना ओझं आहे. बाकी काहीच नाही. माझ्या आईचं नाव नाही कुठे, मित्रांची नाही, उद्या-परवाचं काही नाही. बोगद्यातून लोकल जाते तेव्हा खिडकीत स्वतःचंच तोंड दिसतं ना, बाहेरचं काही नाही, तसं. आणि त्या वेळी मला वाटत होतं मी खिडकीतून बाहेर बघतोय.

त्यामुळे तुम्ही सावरकर-विनोबांचं जे उदाहरण दिलंत ते इथे बसत नाही. त्यांनी सगळ्यांना सांगून, आयुष्य पुरं झाल्यावर, म्हातारपणी, दिवसेंदिवस, माणसांच्या गराड्यात केलं. त्यांचं बरोबर की चूक तो वाद वेगळा. कोणालाही मधे येऊन बोलायला जागा होती, विनोबांना तर इंदिरा गांधी भेटायला गेल्या होत्या. माझं तसं नव्हतं. कोणी मधे येऊ नये हीच तर सगळी धडपड होती.

आता दुसरी बाजू, कारण पोस्टकर्तीला ती हवीये. माझ्याही मित्राने सांगितलं होतं घरी. मी दीड वर्ष त्याच्याशी बोललो नाही. दीड वर्ष! आणि राग कशाचा होता माहितीये का, त्याने सांगितलं त्याचा नव्हता, ते मला फार उशिरा कळलं. राग त्यानंतरचा होता. बाथरूमची कडी काढली घरच्यांनी. बाबा ऑफिसातून रजा घेऊन समोर पेपर धरून बसायचे, पान उलटायचे नाहीत. मावशी यायची, माझ्यासमोर आईला विचारायची "आता बरा आहे का?" मला नाही, आईला. कोणीच, अक्षरशः कोणीच मला विचारलं नाही की तुला झालं काय होतं. कडी काढणं मला आज पटतं, डॉक्टरांनीच सांगितलं असणार, जे धोक्याचं ते हाताशी ठेवू नका. पण कडी काढताना एक वाक्य माझ्याशी बोलायला काय जात होतं?

मला खेचून आणलं त्याबद्दल तक्रार नाही. आणून फर्निचरसारखं ठेवलं त्याबद्दल आहे.

---

ऐरोलीची_वैतागलेली

चहा, तुमची पोस्ट मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचली आणि ताट तसंच ठेवून उठले. तिच्या दादानेही हेच केलं असणार. आणि त्याला फोन मी केला होता.

पण मग मी काय करायला हवं होतं? कोणालाच सांगायचं नव्हतं का?

---

तलावपाळीचा_चहा

नाही नाही, सांगायलाच हवं होतं. फक्त जमलं असतं तर तिला सांगून सांगायचं. "मी शप्पथ घेतली पण मला पाळता येणार नाही, आपण दोघी मिळून तुझ्या दादाला फोन करू, नाहीतर आणखी कोण चालेल ते तू सांग." कदाचित ती बहिणीचं नाव घेती, मामीचं घेती. कोणाला सांगायचं एवढं तरी तिच्या हातात राहतं. चिडली असती, पण पाठीमागून झालं नसतं. आता हे मी सहा वर्षांनी, तलावपाळीला निवांत बसून बोलतोय, तुझ्या जागी त्या रात्री मला नळ सोडायचंसुद्धा सुचलं नसतं.

---

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त

चहा, तुमची वहीची गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. मी काल परत जॉन स्टुअर्ट मिल काढून बघितला, कॉलेजात होता आम्हाला. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा वकील, पण तोही म्हणतो की एखादा माणूस धोक्याच्या पुलावर पाय टाकतोय आणि त्याला सांगायलाही वेळ नाही, तर धरून मागे ओढा, त्यात त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही, कारण त्याला नदीत पडायचं नाहीये. आणि धोका माहीत असून जात असेल तर फक्त सावध करा, अडवू नका. पण तिथेच पुढे अपवाद टाकलाय: लहान मूल, भ्रमात असलेला माणूस, किंवा ज्याचं मन अशा अवस्थेत आहे की विचारशक्ती पूर्ण चालत नाही. कॉलेजात हा अपवाद मी वगळून वाचला असणार.

माझा एक मुद्दा तरी सोडत नाही. तो अपवाद फार ताणता येतो. बायको नवऱ्याशी भांडली की "हिची विचारशक्ती चालत नाही" म्हणणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्या घरमालकालाही वाटत असणार तो समाजसेवाच करतोय.

---

सिस्टर_निवृत्त_ठाणे

ह्याला मात्र शंभर टक्के सहमत. वीस वर्षांपूर्वी तर सर्रास, बाईला टाकायची असली की आणून सोडायचे आणि पत्ता खोटा द्यायचे. नवीन कायद्यात एवढ्या अटी त्यामुळेच आल्या.

अजून एक सांगते. "अडवून काय उपयोग, ठरवलेला माणूस आज ना उद्या करणारच" असं लोक म्हणतात. अमेरिकेत रिचर्ड सायडन म्हणून एकाने 1978 मध्ये अभ्यास केला होता, सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलावर 1937 ते 1971 मध्ये अडवलेल्या 515 जणांचं पुढे काय झालं त्याचा. दहातले नऊहून जास्त लोक एकतर जिवंत होते नाहीतर साध्या कारणाने, आजारबिजार होऊन गेले होते. आम्हाला वॉर्डात हे आकडे माहीत नसताना पण हेच दिसायचं. ती वेळ टळली की माणूस वेगळा असतो.

---

वागळे_इस्टेटवाला

मग आता हिने त्या मेसेजला उत्तर काय द्यायचं? ते कोणीच सांगत नाहीये, सगळे 1986 आणि 1978 मध्ये फिरतायत 😅

---

तलावपाळीचा_चहा

मी सांगतो काय चाललं नसतं. "तुझ्या भल्यासाठीच केलं." हे वाक्य माझ्या मित्राने पाच वेळा पाठवलं, पाचही वेळा मी फोन उलटा ठेवला.

माफी माग, पण ज्याची मागायची त्याचीच. दादाला फोन केला त्याची मागू नकोस, खोटी वाटेल आणि खोटीच असेल. उद्या परत तशी वेळ आली तर तू परत करणारच ना? तसं स्पष्ट लिही तिला. माफी माग घरमालकाला सांगितलंस त्याची, ते ग्रुपवर गेलं त्याची, आणि तिला न सांगता केलंस त्याची. आणि मग प्रश्न विचार. "काय झालं होतं?" एवढाच. उत्तर दोन महिन्यांनी येईल, येणारही नाही, तू विचारलेलं तिथे राहू दे. माझ्या मित्राने शेवटी मेसेज बंद केले आणि दर रविवारी संध्याकाळी तलावपाळीला येऊन फक्त लोकेशन पाठवायचा. तेवढंच. एका रविवारी मी गेलो. तो म्हणाला "कटिंग का फुल?"

आणि तुझं काय? तू कोणाशी बोलतेयस का? त्या रात्रीबद्दल?

---

ऐरोलीची_वैतागलेली

नव्हते बोलत. परवा 14416 ला लावला फोन, सिस्टरनी दिलेला. वीस मिनिटं बोलले, त्यातली पंधरा रडण्यात गेली, पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही.

तिला मेसेज लिहिला. चार वेळा खोडून. दादाला फोन केला त्याबद्दल सॉरी नाही, घरमालकांना सांगितलं आणि तुझ्या पाठीमागे केलं त्याबद्दल फार सॉरी. काय झालं होतं तुला? एवढंच. चहा, तुमचं ते "परत तशी वेळ आली तर परत करेन" पण टाकलं, हात थरथरत होते.

दोन दिवस काही नाही. काल रात्री उत्तर आलं. माझ्या प्रश्नाचं नाही. "नवीन रूम कुठे घेतलीस" विचारलं. मी म्हटलं रबाळे, लहान आहे, पाणी सकाळी एकच तास. मग म्हणाली तिचा एक डबा माझ्याकडे राहिलाय, निळ्या झाकणाचा, लाडूचा, तो तिच्या आईचा आहे, हवाय.

सामान हलवताना मी तो डब्यात डबा घालून आणला होता, आत्ता शोधून काढला. शनिवारी दादा वाशीला येतोय मार्केटला, त्याच्याकडे देते. आत काय घालू कळत नाहीये, मला लाडू वळता येत नाहीत.

---

वागळे_इस्टेटवाला

शेंगदाणे घाल.